एकच रायफल, सगळ्यासाठी

टुई क्रीक, वेस्ट कोस्ट
३ फेब्रुवारी १९९१

नायरी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखलं, आधी चहा टाकला, आणि मग तो तसाच टेबलावर ठेवून पत्र फोडलं. सहा वर्षांत तुझी पहिली खबर, आणि तीही मोजून चार ओळींची. ओहाऊकडच्या त्या मेंढवाडीवर तू आता मुकादम झालीस. हिवाळ्यासाठी राखलेलं गवत हरणं आणि ताहर, ते डोंगरातले रानबकरे, फस्त करतात. तुला स्वतःची रायफल घ्यायची आहे, एकच, सगळ्या कामांना चालेल अशी, तर कॅलिबर कुठलं घेऊ? आणि खाली रेघ मारून लिहिलंस, ‘फक्त रायफलीबद्दल लिही. बाकी काही नको.’

बरं. रायफलीबद्दलच लिहितो.

हा प्रश्न माझ्या शेडमध्ये दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. फक्त ते विचारतात, ‘आयव्हर, सगळ्यात जोरकस कुठली?’ तू विचारलंस, सगळ्याला चालेल अशी कुठली. चाळीस वर्षं मी बंदुका दुरुस्त करतोय, काडतुसं भरतोय, पण तुझ्यासारखा नीट प्रश्न फार थोड्यांनी विचारला. नळीचं माप मोठं असलं की शिकारी मोठा होतो असं पुरुषांना वाटतं. मलाही एके काळी वाटायचं.

पण उत्तर द्यायच्या आधी मला थोडी माहिती हवी. तू किती लांबून बार टाकणार? झाडीच्या कडेला उभं राहून शंभर मीटरवर, की घळीच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावरच्या ताहरवर? सगळ्यात मोठं जनावर कुठलं समोर येईल? दिवसाकाठी किती चढ चढतेस? कारण दुकानात हलकी वाटलेली रायफल दुपारी तीन वाजता हलकी राहत नाही. काडतुसं कुठल्या दुकानातून आणणार, आणि तिथे कुठली कायम मिळतात? बाकी सगळं सोड, कपाटात काडतूस नसेल तर जगातली उत्तम रायफल म्हणजे नुसता सोटा.

आणि बार सुटताना खांद्याला धक्का किती सोसतो, तेही कळव.

मुकादम झालीस हे वाचून मी दोनदा शेडमध्ये जाऊन आलो. काम काहीच नव्हतं. हे वाक्य रायफलीबद्दल नाही, तेव्हा खोडून टाक.

आयव्हर


टुई क्रीक
२४ फेब्रुवारी

नायरी,

तुझं कार्ड मिळालं. कार्डाला पाकीट नसतं, त्यामुळे पोस्टातल्या बाईनं ते माझ्या आधी वाचलं आणि काउंटरवरच विचारलं, “तुमच्या मुलीला तीनशे मीटरवरून बकरी कशाला मारायचीय? जवळ जायला काय होतं?” मी म्हटलं, ताहर माणसाला तेवढंच जवळ येऊ देतो, आणि माझी मुलगीही. बाईंनी पुढच्या पाकिटावर शिक्का मारला.

तू लिहिलंस की झाडीत शंभर, घळीवरून अडीचशे-तीनशे. मोठ्यात मोठा लाल नर, अधूनमधून रानडुक्कर. ओमारामाला एकच दुकान. आणि धक्क्यापुढे लिहिलंस, ‘ते तुला माहीत आहे.’ बरं.

मग आता एकेक स्थळ बघू.

थ्री-नॉट-थ्री. माझी पहिली. सरकारनं आम्हा पोरांना हरणं मारायला डोंगरात पाठवलं तेव्हा लष्करानं टाकून दिलेल्या याच रायफली हातात दिल्या होत्या. तिनं किती हरणं पाडली तो आकडा सांगितला तर म्हणशील म्हातारा फेकतोय. पण आता ज्या मिळतात त्यांच्या नळ्या झिजल्यात. म्हातारी झाली, तिला बसू दे.

टू-फॉर्टी-थ्री. गोड स्वभावाची. खांद्याला कळतसुद्धा नाही बार सुटला ते. माद्यांना, बकऱ्यांना सोन्यासारखी. पण एप्रिलातला माजावर आलेला नर तुझ्याकडे तिरका उभा राहिला आणि खांद्याचं हाड मध्ये आलं, की तिची गोळी अपुरी पडते. शंभरातल्या नव्वद वेळा काही बिघडणार नाही. उरलेल्या दहांसाठी मी ती तुझ्या हातात देणार नाही.

टू-सेव्हन्टी. इथले निम्मे शिकारी तिच्या नावानं शपथ घेतात. तिची गोळी लांबवर सरळ जाते, घळीवरून मारायला छान. तू हीच घेतलीस तर मी तोंड वाकडं करणार नाही. मात्र झाडीत, जवळून, ती पुढच्या फऱ्याच्या मांसाची पार दशा करते, आणि तुझ्या वाडीवर ते मांस माणसंही खातात ना?

थर्टी-नॉट-सिक्स सगळं करते. धक्काही सगळा देते.

राहिली थ्री-नॉट-एट. दीडशे ग्रेन वजनाची, मऊ टोकाची गोळी घे. तीनशे मीटरपर्यंत ताहर, नर, डुक्कर, जे समोर येईल ते. धक्का मधला. रायफल आखूड, झाडीत वेलींत अडकत नाही. काडतुसं अगदी पेट्रोल पंपावरही मिळतात. सगळ्याला चालणारी वस्तू म्हटली की लोक म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. हिच्याबाबत तसं नाही. ती कशातच पहिली येत नाही आणि कशातच नापास होत नाही. अशी माणसंही मी थोडी पाहिलीत. माझी डोरीन, तुझी आई, त्यांतली होती.

हेही रायफलीबद्दल नाही. पण खोडू नकोस.

आयव्हर


टुई क्रीक
१७ मार्च

नायरी,

या वेळी पाकीट पाठवलंस. पोस्टातल्या बाईंचा हिरमोड झाला.

तू विचारतेस, ‘सगळ्यांची नावं घेतलीस, सेव्हन मॅग्नमचं नाही. मी घरात होते तेव्हा तुझ्या लेखी जगात दुसरी रायफलच नव्हती. तिचं काय झालं?’

काय व्हायचंय. मॅग्नमची नळी लांब, वजन जास्त, आवाज कानठळ्या बसवणारा, आणि धक्का असा की चांगला गडीसुद्धा चाप ओढायच्या आधीच अंग चोरतो. एकदा शरीराला ती भीती लागली की वर्षभर जात नाही. मग माणूस नेम धरतो जनावरावर आणि मारतो डोंगराला. त्या रायफलीनं कुणाचं भलं झालं असेल तर ते खांदे बसवणाऱ्या डॉक्टरांचं. मी ती शहात्तरच्या मेमध्येच विकून टाकली. तेव्हापासून थ्री-नॉट-एटच वापरतो. झालं, संपला विषय.

आता महत्त्वाचं. कॅलिबरवर लोक रात्री जागवतात आणि खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याच्या लांबीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. दुकानातली रायफल सहा फुटी पुरुषाच्या मापानं केलेली असते. कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत टेकवायचं, आणि बोट चापावर सहज यायला हवं. दस्ता लांब असला तर मान पुढे ताणावी लागते, डोळा रायफलीवरच्या दुर्बिणीच्या फार जवळ जातो, आणि बार सुटला की दुर्बिणीची कड भुवईत बसते. यात नेमबाजाची काही चूक नसते. चूक रायफल देणाऱ्याची असते.

तेव्हा रायफल घेतलीस की आधी दस्ता इकडे पाठव, मी कापून देतो. कोपरापासून बोटापर्यंतचं माप कळव. माझ्याकडे जुनं आहे, सव्वाबारा इंच. तू गेल्यावर खुंटीवर तुझा लोकरी चौकडीचा कोट राहिला होता, त्याच्या बाहीवरून घेतलं होतं. पण तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस, आणि तसंही बाहीचं माप म्हणजे हाताचं माप नव्हे.

इकडे पाऊस आहे. शिकारीचा जुना सोबती क्लॅरी रोज येऊन विचारतो, यंदा नर डुरकायला लागल्यावर वरच्या खोपट्यात जायचं का. मी गुडघ्याचं कारण सांगतो.

आयव्हर


टुई क्रीक
२ एप्रिल

नायरी,

तुझी एक ओळ आली. ‘मी ऑक्टोबरात गेले. मॅग्नम मेमध्येच विकलीस, आणि मला सांगितलंस दुरुस्तीला दिलीय. मेमध्ये काय झालं?’

तीन दिवस हा कागद टेबलावर आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणं आता पुरे. लिहितो. आणि हे रायफलीबद्दलच आहे, म्हणजे तुझी अटही मोडत नाही.

त्या एप्रिलात आपण तिघं वरच्या खोपट्यात होतो, तू, मी आणि क्लॅरी. तुझा पहिला नर. तिथली रीत तुला पाठ आहे. ज्यानं बार टाकला त्यानं जागचं हलायच्या आधी सांगायचं, गोळी कुठे लागली. मग बाकीच्यांनी त्याच्या शब्दावर चालायला लागायचं. जनावर सापडेपर्यंत किंवा शोधून शोधून थकेपर्यंत त्याच्या शब्दावर कुणी शंका घ्यायची नाही. क्लॅरीच्या बापाच्या वेळेपासून हे चालत आलेलं. माणूस बार टाकतो तेव्हा जे तो पाहतो ते दुसऱ्या कुणालाच दिसलेलं नसतं, म्हणून.

तुझ्या हाती माझी मॅग्नम होती. तू टू-फॉर्टी-थ्री मागितली होतीस. मी म्हणालो होतो, “माझ्या पोरीनं पहिला नर खेळण्यानं मारायचा नाही.” दस्ता तुला दोन बोटं लांब होता, मला दिसत होतं. तू मान ताणून बसलीस तेही दिसत होतं.

बार सुटला. दुर्बीण भुवईत घुसली. नर उसळला आणि झाडीत गेला. तुझ्या डोळ्यात रक्त उतरत होतं आणि तू अगदी शांतपणे म्हणालीस, “खांद्याच्या मागे, खालच्या अंगाला.”

आणि मी म्हणालो, “डोळे मिटलेस तू. म्हणून तर भुवई फुटली.”

क्लॅरीनं माझ्याकडे पाहिलं. त्यानं त्या खोपट्यात असलं वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

दोन तास शोधलं. रक्ताचा एक थेंब नाही. तू सारखी म्हणत होतीस, “खाली चला, ओढ्याकडे गेलाय तो.” मी म्हणालो, लागलेलंच नाही तर जाईल कुठे. मग पाऊस धरला, ओढा चढायला लागला, आणि मी सगळ्यांना माघारी फिरवलं. उतरताना क्लॅरीनं तुला ‘मिचमिची’ म्हटलं. तो बिचारा वातावरण हलकं करायला बोलला होता. पण हसलो पहिला मी. शुक्रवारी पबमध्ये तेच नाव सगळ्यांच्या तोंडी झालं, आणि मी पुन्हा हसलो. तू दाराशी उभी होतीस.

नवव्या दिवशी मी एकटाच वर गेलो. का गेलो ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. ओढ्याच्या वर घारी फिरत होत्या. तू दाखवत होतीस त्याच बाजूला, दोनशे पावलांवर, काठाखालच्या नेच्यांत तो नर पडला होता.

मी गुडघ्यावर बसून पाहिलं. गोळी खांद्याच्या मागे, खालच्या अंगाला. दोन बरगड्यांच्या मधून आत, पलीकडच्या दोन बरगड्यांच्या मधून बाहेर. दोन्हीकडची भोकं माझ्या करंगळीएवढी. फुप्फुसं आरपार.

ती काडतुसं मी भरली होती. एका अमेरिकन पाहुण्यानं मला जाड कवचाच्या गोळ्यांचा डबा दिला होता, आफ्रिकेतल्या रानरेड्यांसाठी केलेल्या. मी वर दारू ठासून भरली, मिरवायला. तसली गोळी हरणाच्या अंगात उमलतच नाही. सुईसारखी आरपार जाते, भोक लगेच मिटतं, रक्त आतल्या आत राहतं, आणि जनावर पळत सुटतं. म्हणून थेंब सापडला नाही. तुझ्या नेमात काही खोट नव्हती. माझी रायफल चुकीची, माझा दस्ता चुकीचा, माझी गोळी चुकीची. त्या दिवशी त्या डोंगरावर एकच गोष्ट बरोबर होती, आणि ती मी खोटी ठरवली.

आणि हे ऐक. तू त्या रात्री खोपट्यात मला विचारलं होतंस, तो आता कुठेतरी तडफडत असेल का. त्याचं उत्तर आज देतो. तो तडफडला नाही, नायरी. दोनशे पावलं म्हणजे अर्धं मिनिट. तो पळता पळता मेला.

मी खाली आलो. डोरीननं विचारलं, बुटांना कसला वास येतोय. मी म्हटलं, मेलेली मेंढी होती वाटेत. तू टेबलाशी बसली होतीस, भुवईवर पट्टी. मी सांगायला तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

का नाही सांगितलं? सारं गाव माझी काडतुसं वापरायचं. आयव्हर ट्रेगेंझाची काडतुसं कधी दगा देत नाहीत, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. हे एक. दुसरं म्हणजे, मी ती रीत मोडली होती, तीही माझ्याच लेकीबाबत, आणि ते कबूल केलं तर क्लॅरीच्या नजरेला नजर देता आली नसती. म्हणून मूग गिळून बसलो. मॅग्नम विकली, जणू दोष तिचाच. पहिला महिना अवघड गेला. मग तू गेलीस, आणि मग सांगायचं कुणाला.

डोरीनच्या अंत्यविधीला तू आलीस तेव्हा थडग्याच्या त्या बाजूला उभी होतीस. मी मनात वाक्य तयार केलं होतं. मी वळसा घालून येईपर्यंत तू चारच्या बसकडे निघाली होतीस. मी हाक मारू शकलो असतो. नाही मारली.

तू डोळे मिटले नव्हतेस. हे मला पंधरा वर्षं माहीत आहे. मला लाज वाटते, पोरी.

थ्री-नॉट-एट घे.

आयव्हर


ओहाऊ
१९ एप्रिल १९९१

बाबा,

तुझं पत्र लोकर कातरायच्या शेडमध्ये उभ्या उभ्या वाचलं. मग कुत्र्यांना खायला घातलं. मग परत वाचलं.

मी डोळे मिटले नव्हते. चाप ओढला तेव्हा त्याच्या खांद्यामागे ओल्या केसांचा एक भोवरा होता, मी त्यावर नेम धरला होता, आणि बार सुटला तेव्हाही तो भोवरा मला दिसत होता. हे मला तेव्हा ठाम माहीत होतं. तू बोललास आणि मग माहीत राहिलं नाही. तू माझा बाप होतास आणि शिकारीतलं तुला सगळं कळायचं, त्यामुळे तू म्हणतोस तर मिटले असतील. तेव्हापासून मी कुंपणाचं फाटक लावलं की परत जाऊन बघते, लागलंय ना. मेंढ्या मोजल्या की दुसऱ्याला मोजायला लावते. इथली पोरं म्हणतात मुकादमबाई फार काळजी घेतात. काळजी नाही ती. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही.

तू माझ्याकडून नर हिरावला असतास तर मी कधीच विसरले असते. तू हे हिरावलंस.

आता तुला एक सांगते. कॅलिबर मला माहीत होतं. ओमारामाच्या दुकानदारानं पहिल्या दिवशीच सांगितलं, थ्री-नॉट-एट, आणि मी त्याच दिवशी घेतली. तुला विचारलं ते वेगळ्यासाठी. मला बघायचं होतं तू मॅग्नमचं नाव काढतोस का. आईनं शेवटच्या आजारपणात मला लिहिलं होतं की तुझ्या बापाला त्या रायफलीचं काहीतरी खातंय, पण तो बोलत नाही. मी सहा वर्षं वाट पाहिली, मग म्हटलं, आपणच दार थोडं उघडावं.

रागावलेय मी, आणि बहुतेक अजून बरेच दिवस रागावलेली राहीन. तरी तुझं पत्र खिशात घेऊन फिरतेय.

पण पत्रातलं पाकिटात राहतं. मला नाव पडलं ते पबमध्ये. तेव्हा शुक्रवारी जा. क्लॅरी असेल तेव्हा. सगळ्यांसमोर, मोठ्यानं सांग. गोलगोल नाही. सांगून झालं की मला कळव आणि गुरुवारच्या बसनं इकडे ये. नाही सांगितलंस तर येऊ नकोस, मी समजून जाईन.

माप पावणेतेरा इंच. दस्ता इथे आलास की काप. अवजारं घेऊन ये, इथली करवत मेंढ्यांची शिंगं कापायची आहे.

नायरी


टुई क्रीक
२७ एप्रिल

नायरी पोरी,

काल शुक्रवार. गेलो.

पबच्या दारापाशी पोहोचलो आणि तसाच पोस्टापर्यंत परत गेलो. पोस्टाच्या पायरीवर बसलो. मग उठून पुन्हा गेलो. आत जुन्यांपैकी फारसं कुणी उरलेलं नाही. अर्धे टेकडीवर डोरीनच्या शेजारी झोपलेत. बाकी सगळी तरणी पोरं, टीव्हीवर रग्बी बघत. त्यांना नायरी कोण आणि मिचमिची कोण, काही ठाऊक नाही. क्षणभर वाटलं, सांगायचं तरी कुणाला. पण कोपऱ्यात त्याच्या त्या ठरलेल्या खुर्चीत क्लॅरी होता.

तुला माहीत नसेल, क्लॅरीचे कान गेलेत. पन्नास वर्षं कानाशी बार फुटल्यावर दुसरं काय होणार. मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, “नायरीनं डोळे मिटले नव्हते.”

“काय?”

मी जरा मोठ्यानं म्हटलं. तो म्हणाला, “डोळ्याचं औषध? माझ्याकडे नाही.”

मग मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली. छातीत हवा भरली आणि ओरडलो, “शहात्तर साली माझ्या लेकीनं डोळे मिटले नव्हते. गोळी बरोबर लागली होती. नर मला नवव्या दिवशी सापडला. मी खोटं बोललो.”

कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. अख्खा पब माझ्याकडे बघत होता. मी बसलो नाही. एका पोरानं हळूच दुसऱ्याला विचारलं, “म्हातारा ठीक आहे ना?” दारू ओतणारी बाई म्हणाली, “गप, त्याला बोलू दे.” मग मी बाकीचंही सांगितलं, दस्ता, जाड गोळ्या, मेंढीचं खोटं, सगळं, क्लॅरीकडे बघून, एकेक शब्द सुटा सुटा.

क्लॅरीनं ग्लास बाजूला सरकवला. मला वाटलं आता तो मला चार शिव्या देईल, आणि मला त्या हव्याही होत्या. तो म्हणाला, “ती गेली त्या दिवशी बसमध्ये तिची बॅग मीच वर ठेवली होती. आणि काय म्हणालो होतो माहितीये? ‘मिचमिचे, जपून राहा.’ ती हसली माझ्याकडे बघून. आयव्हर, ती हसली रे.”

मग तो रडायला लागला. त्र्याहत्तर वर्षांचा गडी. मीही लागलो. तरण्या पोरांनी तोंडं वळवली आणि टीव्ही पुन्हा लावला, पण आवाज बारीक ठेवला. चांगली पोरं आहेत.

थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं आणि विचारलं, “तू जाणारेस तिच्याकडे?” मी म्हटलं, गुरुवारी. तो म्हणाला, “तिला माझं काय सांगशील?” मी म्हटलं, तुझं तू सांग, पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्यानं काय पाहिलं ते मी सांगायला गेलो, त्याचं काय झालं ते बघतोयस. तर म्हणतो कसा, “बरं. मग खिडकीची जागा मला.”

तू त्याला बोलावलेलं नाहीस, मला माहीत आहे. नको असेल तर तिथूनच परत पाठव, तो काही म्हणणार नाही. त्यानं आजच दाढी करून घेतली.

तेव्हा गुरुवारी, वानाकाला गाडी बदलून, दुपारच्या बसमधून दोन म्हातारे उतरतील. एकाला ऐकू येत नाही, आणि एकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्यामुळे तू समोर उभी असलीस तरी त्याला लगेच ओळखू येणार नाहीस. तूच पुढे येऊन हात धर. ज्याला कमी दिसतं, तो तुझा बाप.